तक्रार कट्ट्यावर नको, टेबलावर द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पेपर आला की मी हेडलाइनच्या आधी वाचकांच्या पत्रांचं पान उघडतो, जुनी खोड आहे. सगळी नोकरी एका ऑफिसात आवक टेबलावर गेली, म्हणजे लोकांचा अर्ज घ्यायचा, शिक्का मारायचा, आवक नंबर टाकायचा, पोच द्यायची आणि अर्ज ज्या त्या टेबलाला पाठवून द्यायचा. ऑफिस कुठलं ते सांगत नाही, सांगून तरी काय, सगळीकडं तीच फाईल आणि तीच दोरी. पण इतकी वर्षं लोकांच्या तक्रारी वाचून एक नजर बसलीय, पहिल्या चार ओळी वाचल्या की कळतंय हे काम होणार का हा कागद गठ्ठ्यात जाणार. आणि हल्ली आपल्या कोल्हापुरात कट्ट्यावर, चहाच्या गाड्यावर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत जे काय ऐकतोय त्यावरनं वाटायला लागलंय की यातलं बहुतेक सगळं गठ्ठ्यात पण जाणार नाही, कारण ते कुठल्या टेबलावर कधी आलेलंच नाही.

रात्री जेवणं झाल्यावर गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन उभं राहा. समोर म्हैस बांधलेली, धार काढून तिथंच ग्लास हातात, वर बोटभर फेस, असलं सुख दुसरीकडं कुठं मिळायचं नाही, आणि ते ओठाला लावून माणूस बोलतोय काय तर रस्ते बाद झाले, पाणी येत नाही, पार्किंगला जागा नाही, पोरं मोबाइलमधनं डोकं वर काढत नाहीत, मिसळीच्या कटाला पूर्वीची चव राहिली नाही. एकानं आपल्या गल्लीतला खड्डा काढला की दुसरा त्याच्याहून मोठा काढणार, तिसरा म्हणणार 'हे काहीच नाही, आमच्याकडं येऊन बघा', इथंसुद्धा आपल्याला नंबर पहिलाच पाहिजे. मग ग्लास रिकामा, मिशी पुसली, 'चला, उद्या बघू' आणि गाडीला किक. यातल्या एकाला विचारा की बाबा, ज्याचं काम आहे त्याला हे सांगितलंस का. 'सांगून काय उपयोग हाय व्हय आण्णा?' हे उत्तर ठरलेलं. मी विचारून बघितलंय, पुढच्या वेळेपासून लोक माझ्यापासनं जरा लांब उभं राहून दूध पितात.

लोक म्हणतात बोललं की मन मोकळं होतंय. आपल्या माणसाजवळ एकदा बोललं तर होत असेल, मी नाही म्हणत नाही. पण तेच तेच रोज बोलून काय होतंय यावर लोकांनी अभ्यास केलेत. अमेरिकेत ब्रॅड बुशमन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००२ मध्ये एक प्रयोग छापला. कॉलेजच्या पोरांना आधी मुद्दाम राग आणला, मग काही जणांना बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला लावले, ज्यानं राग आणला त्यालाच मनात आणून, आणि काही जणांना नुसतं गप बसवलं. राग कुणाचा जास्त राहिला तर ठोसे मारणाऱ्यांचा. त्याच साली मिसुरी विद्यापीठातल्या अमांडा रोझ या बाईंनी शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास छापला, त्यात असं सापडलं की जे दोस्त एकमेकांजवळ तेच दुखणं परत परत उगाळत बसतात त्यांची मैत्री जास्त घट्ट असते, पण उदासपणा आणि काळजी पण त्यांच्यात जास्त असते. मला तर वाचताना गंगावेसच दिसली. दोस्ती घट्ट आणि माणसं खचलेली. आपण कुरकुरतो ते खड्ड्यापायी कमी आणि सोबतीपायी जास्त, स्टँडवर दोन अनोळखी माणसं बोलायला लागतात ती पण 'बस कधी वेळेवर येती का सांगा' इथूनच. म्हणून नुसतं 'तक्रार करू नका' असं सांगून कुणाची सवय सुटणार नाही, त्या जागी बोलायला काहीतरी दुसरं द्यायला लागतंय.

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये एकाच्या नातीनं मोबाइलवर एक प्रकार बघून आजोबाच्या डोक्यात भरवला. २००६ मध्ये कॅन्सस सिटीत, म्हणजे गंमत बघा, त्या रोझबाईंच्याच मिसुरी राज्यात, एका पाद्र्यानं चर्चमधल्या लोकांना जांभळे बँड वाटले. नियम असा की तोंडातनं तक्रार निघाली की बँड या मनगटातनं काढून त्या मनगटात घालायचा, आणि सलग २१ दिवस तो एकाच हातात राहिला पाहिजे, हात बदलला की मोजणी परत पहिल्यापासनं. हा प्रकार मग जगभर गेला. आमच्याकडं जांभळा बँड कुठला असायला, भाजीच्या पिशवीला लावायची रबरं घेतली. एकाच्या मनगटात आधीच जोतिबाचा दोरा, अंबाबाईचा दोरा, वर घड्याळ, तो म्हणतोय रबर घालू कुठं, तर पहिली तक्रार तिथंच झाली. शालिनी पॅलेसपासनं रंकाळा टॉवरपर्यंत जाईस्तोवर काही जणांच्या रबरानं इतक्या फेऱ्या मारल्या की मनगटं लाल झाली.

पण त्यातनं भांडण चांगलं निघालं. 'आज लई उकडाय लागलंय' ही तक्रार का बातमी? गुडघा दुखतोय हे सांगायचं का नाही? पोरगा फोन करत नाही हे बायकोला सांगितलं तर रबर बदलायचं का? आमच्यात एक रिटायर्ड मास्तर आहेत, त्यांनी निकाल दिला की ज्याच्यापुढं बोलताय तो त्यावर काही करू शकत असेल तर ती माहिती, नसेल तर बदला रबर. म्हणजे गुडघा डॉक्टरला सांगा, आम्हाला पण सांगा कारण आम्ही हळू चालू, पण गुडघ्यावरनं सरकारला शिव्या घालायच्या असतील तर रबर. २१ दिवस कुणाचेच झाले नाहीत, रबरं तुटली, हौस पण फिटली, मास्तरांचा नियम मात्र ग्रुपमध्ये राहिला आणि मला तो त्या पाद्र्याच्या बँडपेक्षा जास्त कामाचा वाटतो. बँड माणसाला गप करतो. हा नियम नुसता पत्ता विचारतो.

आता टेबलाचं सांगतो, कारण मला ते जास्त कळतंय. तक्रारीचे अर्ज दोन तऱ्हेचे. एक असतो चार पानी. सुरुवातच 'आपल्या निष्क्रिय व झोपलेल्या कारभाराचा तीव्र निषेध' अशी, मग स्वातंत्र्यापासनंचा इतिहास, मधेच शाहू महाराजांचं नाव, शेवटी 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' आणि खाली प्रत माहितीसाठी मुख्यमंत्र्यांपासनं पोलिसांपर्यंत सगळ्यांना. पूर्ण वाचला तरी नक्की काय बिघडलंय आणि कुठं बिघडलंय ते सापडत नाही. साहेब असला अर्ज वाचत नाहीत, वरच्या वर शेरा मारतात 'नियमानुसार कार्यवाही व्हावी', आणि हा शेरा पडला की त्या कागदाचं तेरावं झालं म्हणून समजायचं.

दुसरा अर्ज अर्ध्या पानाचा. एका बाईंचा होता, अजून डोळ्यासमोर आहे, वहीचं पान फाडून निळ्या पेनानं लिहिलेला. अमुक गल्ली, विठ्ठल मंदिराच्या शेजारचा खांब, खांबावर रंगवलेला नंबर हा, दिवा सोमवारपासनं बंद आहे, रात्री क्लास सुटल्यावर मुली याच वाटेनं येतात, दिवा चालू करून मिळावा, काम झालं का ते विचारायला मी शुक्रवारी येते. खाली सही, मोबाइल नंबर. संपलं. एक शिवी नाही, एक विशेषण नाही, आंदोलन नाही. पोच घेतली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि गेल्या. शुक्रवारी खरंच आल्या. पण वायरमन गुरुवारीच जाऊन आला होता, कारण ऑफिसातल्या माणसाला (आतली गोष्ट सांगतोय, आता रिटायर झालोय म्हणून) आंदोलनाची तेवढी धास्ती नसते, आंदोलन साहेबांच्या केबिनपुढं असतंय. धास्ती असते ती पोच हातात घेऊन परत येणाऱ्या माणसाची, तो थेट आपल्याच टेबलापुढं उभा राहतो.

बऱ्याच लोकांना वाटतंय जोरात बोललं की काम होतं. होतं कधी कधी. पण जोरात बोलणारा माणूस गेला की टेबलावरची चार माणसं अर्धा तास त्याच्याबद्दलच बोलत बसतात, म्हणजे तुमच्या तक्रारीची ऑफिसात दुसरी तक्रार तयार होते आणि तुमचा दिवा राहिला बाजूलाच. आणि हो, पोच घेत जा हो. निम्मी माणसं अर्ज टाकून हात झटकून जातात, पोच मागायला लाजतात, का घाईत असतात देव जाणे, मग महिन्यानं येऊन म्हणतात मी दिलेला अर्ज कुठाय. शिक्का आणि नंबर असलेला कागद हातात असला की आवाज चढवायची गरजच पडत नाही.

कायदे पण आहेत की. माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा, १० रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज टाकला की ३० दिवसांत उत्तर द्यायला लागतंय, नाही दिलं तर अपील. आपल्या राज्यात तो अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत बसवायला सांगितलाय, त्याला बरेच लोक नावं ठेवतात आणि त्यात तथ्य पण आहे, पण माझ्या मते तेवढी शिस्त घरातल्या तक्रारीला लावली तर निम्मी भांडणं मिटतील. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ चा, कुठला दाखला किती दिवसांत मिळणार ते ऑफिसनं बोर्डावर लिहून लावायचं असतं आणि उशीर झाला तर अपील तिथल्याच वरच्या साहेबाकडं. लाइट गेली तर १९१२. गिऱ्हाईक म्हणून फसलात तर १९१५. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याचा लोकशाही दिन, त्याच्या आधी खालच्या पातळीवर अर्ज दिलेला पाहिजे एवढं बघा. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला कुठल्या साली कुठल्या तालमीनं कुणाला कितीला हरवलं हे आपल्याकडच्या शेंबड्या पोराला पाठ असतंय आणि हे दोन नंबर कुणाला पाठ नाहीत.

कधी कधी अर्जाची पण गरज लागत नाही, नुसतं नीट बघायला लागतंय. पाणी हा आपल्या शहराचा जुना विषय, काळम्मावाडीची थेट पाइपलाइन येणार येणार म्हणत एक पिढी म्हातारी झाली आणि २०२३ मध्ये ते पाणी एकदाचं शहरात आलं. पण धरणातनं इतक्या लांबनं आलेलं पाणी गल्लीच्या शेवटच्या नळाला प्रेशरनं आलं तर खरं ना. आमच्या गल्लीत रोज सकाळी तोच गजर, 'आज पण बारीकच आलंय बाई'. समोरच्या वैनींनी काय केलं, स्वयंपाकघराच्या दारामागच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात पाणी किती वाजता आलं आणि एक घागर भरायला किती वेळ लागला ते पेन्सिलीनं लिहायला सुरुवात केली. बायका हसल्या. 'पेन्सिलीनं पाणी येणार हाय व्हय वैनी?' असं पण झालं. महिना भरत आल्यावर त्या पानाकडं नीट बघितलं तर मंगळवार आणि शुक्रवार सोडून बाकीच्या दिवशी घागर बऱ्यापैकी भरत होती, बोंब या दोनच दिवसांची होती.

मग त्यांनी चावीवाल्याला गाठला. व्हॉल्व्ह फिरवायला सकाळी सायकलवरनं येतो तो, आख्ख्या पेठेच्या शिव्या खाणारा माणूस. त्याला चहा दिला, कॅलेंडर खाली उतरवून पुढं ठेवलं आणि म्हणल्या, दादा, या दोन दिवशीच असं का होत असेल हो? त्यानं बराच वेळ बघितलं, म्हणाला, वैनी, त्या दिवशी माझी सुट्टीची पाळी असती, बदली माणूस येतोय, तो वरच्या बाजूची चावी आधी सोडत असणार. झालं. इतकी वर्षं लोक त्याच्यावर ओरडत होते आणि हे एक त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि तो तरी कशाला सांगतोय, ओरडणाऱ्याला कोण सांगतंय? पुढं त्या पानाची झेरॉक्स जोडून इंजिनिअरला अर्ज गेला, बदली माणसाला चाव्यांचा क्रम लिहून दिला गेला. धो धो पाणी येतंय असं म्हणणार नाही, पण सगळ्या वारी घागर भरतीय. गल्लीचा एक विषय संपला म्हणून काही दिवस बायका जरा गप होत्या, आता पाण्याला वास येतोय का नाही यावर दोन पार्ट्या पडल्यात. वैनींनी पुढच्या महिन्याच्या पानावर नवीन खूण सुरू केलीय म्हणे.

आता कोण म्हणेल की आण्णा, तुम्ही ऑफिसातली माणसं, तुम्हाला तक्रार नकोच असणार. विचारायलाच पाहिजे हे. 'पॉझिटिव्ह राहा' हे वाक्य मला स्वतःला अजिबात आवडत नाही, बहुतेक वेळा ते सावलीत बसलेला माणूस उन्हातल्या माणसाला ऐकवत असतो. मी गप बसा म्हणत नाही, आणि मी म्हणलं तरी कोल्हापूर थोडंच गप बसणार आहे. शहरातल्या रस्त्यांसाठी आपल्यावर टोल बसवला तेव्हा नुसती कट्ट्यावर कुरकुर झाली असती तर आजपण आपण नाक्यावर सुट्टे पैसे शोधत असतो. एन. डी. पाटील सर, कॉम्रेड पानसरे अशी माणसं पुढं, सगळे पक्ष आणि तालमी मागं, आणि मागणी नुसती 'देणार नाही' एवढीच नव्हती, केलेले रस्ते मोजा, दर्जा तपासा, मूल्यांकन करा असं कागदावर धरून ठेवलं होतं. वर्षानुवर्षं चाललं आणि २०१५ च्या शेवटी टोल गेला. हायकोर्टाचं खंडपीठ घ्या. सहा जिल्ह्यांतले वकील चाळीस वर्षांपेक्षा जास्त काळ तेच एक मागत राहिले, किती तरुण वकिलांचे केस पांढरे झाले, ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच इथं सुरू झालं. ही पण तक्रारच होती की. पण ती प्रत्येक वेळी देता येईल त्याच्याच पुढं ठेवली आणि मागणी बदलली नाही, आज खंडपीठ, उद्या हवामान, परवा मिसळ असं नाही झालं.

आणि तक्रार ऐकणाऱ्यानं कसं असावं ते तर आपल्या गावात शाहू महाराजांनीच दाखवलंय. गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत नोकरीला होते, सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना गुरासारखं मारलं. ते महाराजांच्यापुढं जाऊन रडले. महाराजांनी 'जाऊ दे, सोडून दे, चांगल्याचा विचार कर' असं सांगितलं नाही. त्यांना धंदा काढायला मदत केली, भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल निघालं, आणि त्यांच्या हातचा चहा कोण पिणार असा प्रश्न आल्यावर महाराज स्वतः तिथं थांबून चहा प्यायला लागले आणि बरोबरच्या बड्या लोकांना पण प्यायला लावला. तो अन्याय आणि आमच्या नळाचं प्रेशर एका तराजूत घालायचं नाही, तसलं मी करणार नाही. पण मला यातली मोठी गोष्ट हॉटेल काढून देणं वाटत नाही, पैसे कुणी पण देईल, रोज तिथं जाऊन चहा पिणं ही मोठी गोष्ट. टेबलामागं बसणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं असं मला नोकरीत असताना पण वाटायचं.

घरात मात्र आवक टेबल नसतंय आणि सगळ्यात जास्त तक्रारी तिथंच. 'तू कधीच वेळेवर येत नाहीस' असं पोराला म्हणलं की तो मागच्या वर्षी कधी वेळेवर आला होता ते शोधून काढतो, वाद सुरू. 'आठला एकत्र जेवूया, तेवढं ये' म्हणलं तर येतो, रोज नाही, पण येतो. आमच्या सौभाग्यवतीची पद्धत वेगळी, मी काहीतरी सुरू केलं की ती विचारते, 'अहो, नुसतं ऐकायचंय का काय करायचंय?' ऐकायचं असेल तर शेंगा सोलत ऐकते, करायचं असेल तर सूप बाजूला ठेवते. आणि खरं सांगायचं तर बऱ्याच वेळा नुसतं ऐकायचंच असतंय. ज्याच्या घरात माणूस गेलाय किंवा मोठं आजारपण चाललंय त्याच्यापुढं 'मग यावर उपाय काय' असं विचारणारा माणूस मला शहाणा वाटत नाही. तिथं रबर पण नको आणि अर्ज पण नको, खुर्ची ओढून बसायचं फक्त.

पावसाळ्याचं पण बोलायलाच पाहिजे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका हे इथल्या लहान पोराला पण माहीत आहे. २०१९ ला ५५ च्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद, शहराचं बेट झालं, २०२१ ला परत तेच. आता दरवर्षी जुलैत राधानगरी धरणाचा पहिला दरवाजा उघडला की ग्रुपवर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं सुरू होतं, कुणी सोडलं, कुणी अडवलं, कोण झोपलं होतं. अलमट्टीचा विषय खरा आहे आणि मोठा आहे, दोन राज्यांचा आहे, त्यावर भांडलंच पाहिजे, पण ते जानेवारीत, आकडे आणि कागद घेऊन. पाणी ३५ फुटांवर असताना खालच्या मजल्यावरच्या आजीची औषधं आणि रेशनकार्ड वर नेलं का, म्हशी कुठं हलवायच्या, बोटीचा नंबर कुणाकडं आहे, ग्रुपवर एवढंच लिहावं आणि बाकीच्यांनी गप बसावं. २०१९ ला तसंच झालं होतं की, एरवी फुटबॉलवरनं एकमेकांच्या अंगावर जाणारी तालमीतली पोरं पाण्यातनं माणसं काढत होती, जेवण पोचवत होती, तेव्हा कुणाची पेठ कुठली ते कुणी विचारलं नाही. पाणी उतरल्यावर आपण सगळे परत पहिल्यासारखे झालो हे पण खरं.

साहेब, पत्र लांबलं, आता तुमच्याकडं एक मागणी, एकच. वाचकांच्या पत्रांच्या पानावर रोज खड्डे, गटारी, दिवे, कुत्री यांच्यावर पत्रं येतात, चांगली असतात, पण त्या माणसानं ते कुठं कळवलंय का ते कधीच कळत नाही. प्रत्येक पत्राखाली बारीक अक्षरात एक ओळ छापा, तक्रार कुठं दिली, कुठल्या तारखेला, आवक नंबर काय. दिली नसेल तर 'अजून दिलेली नाही' असं छापा, लोक लाजेखातर तरी देतील. आणि महिन्यानं त्याच पानाच्या कोपऱ्यात त्याचं काय झालं ते दोन ओळीत. झालं नसेल तर तसं. झालं असेल तर ज्या मुकादमानं, फिटरनं, वायरमननं केलं त्याचा हुद्दा तरी लिहा, त्या लोकांना वर्षभर पेपरात शिव्याच मिळतात, कधीतरी कात्रण काढून घरी दाखवू देत. यात तुम्हाला जागा फार लागणार नाही, सिनेमाच्या पानातनं थोडी घ्या.

सुरुवात माझ्यापासनं करा. आमच्या गल्लीच्या तोंडावर गटारीचं झाकण फुटलंय, शाळेची पोरं तिथनंच उड्या मारत जातात, अर्ज दिलाय, पोचेची झेरॉक्स सोबत जोडलीय, नंबर त्यावर आहे. महिना झाला की परत पत्र टाकतो, झाकण बसलं असेल तरी टाकतो. बाकीचं पत्र जागेअभावी कापलंत तरी माझी काही तक्रार नाही, गटारीची ओळ तेवढी ठेवा.

आपला,
आवक टेबलावरचा एक रिटायर्ड कारकून,
मंगळवार पेठ, कोल्हापूर